घोळीवरचा बिबळ्या

हे प्रकरण एका फुलपाखराच्या एका नोंदीचं आहे. नोंद माझीच, चूकही माझीच, आणि त्या चुकीवर दोघांचे शिक्के मारून घेण्याची हौसही माझीच. नंतर ती निस्तरायला दीड महिना गेला. या नादात नवीन असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय, लाज वाटण्यासारखे भाग न गाळता.

एका पडीक जागेत जमिनीला चिकटून घोळ पसरली होती. तीच ती, मांसल पानांची, लालसर देठाची, बारीक पिवळ्या फुलांची. सकाळी साडेनऊची वेळ. एक केशरी फुलपाखरू तिच्यावर वीतभर उंचीवरून घिरट्या घालत होतं. मध्येच खाली यायचं, एखाद्या पानाला पाय टेकून बघायचं, नको असेल तर उठायचं, परत दुसरीकडे. तीन-चार वेळा असं झाल्यावर ते एका पानाच्या कडेला बसलं, पोट खालून वाकवून पानाच्या मागे टेकवलं, सेकंदभर थांबलं आणि उडालं. अंडं घातलं! मी गुडघ्यावर बसून मोबाईलने सटासट फोटो काढले, त्यातले तीन ठेवण्यासारखे निघाले, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. एकात पंख अर्धवट मिटलेले आणि बाजूने घेतलेला, एकात फुलपाखरू हललेलं, आणि एकात पंख उघडे आहेत पण मागच्या पंखांवर पुढचे पंख असे आलेत की मागचं अर्धंच दिसतंय.

नाव काय द्यायचं याचा मी विचारच केला नाही. केशरी रंग, पुढच्या पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर, अजून कोण असणार? मी शिकलेलं हे पहिलं फुलपाखरू. माझ्या प्रोफाइलला जो फोटो आहे तोही एका फुलावर बसलेल्या बिबळ्याचाच, चार वर्षांपूर्वीचा.

आता गंमत अशी की बिबळ्याच्या अळ्या रुईच्या कुळातली, चीक असलेली झाडं खातात. त्या चिकातलं विष अंगात साठवतात, म्हणून फुलपाखरूही पक्ष्यांना कडू लागतं आणि कडवा हे नाव त्यावरूनच. घोळीचा त्या कुळाशी काडीचा संबंध नाही. म्हणजे बिबळ्या घोळीवर अंडी घालत असेल तर ती बातमी झाली ना. माझ्या डोक्यात लगेच चक्रं सुरू. नवीन खाद्य वनस्पती! कुणीच नोंदवली नसेल! घरी येईपर्यंत मनातल्या मनात मी त्यावर एक छोटा लेखही लिहून टाकला होता.

ज्या अ‍ॅपवर नोंदी करतो तिथे फोटो चढवले. अ‍ॅप आपणहून नावं सुचवतं, पहिलंच नाव प्लेन टायगर आलं, मी टिक केलं. खाली अजून नावं होती, ती मी वाचली नाहीत, हे नंतर स्क्रीन परत उघडल्यावर कळलं. दुसऱ्या नंबरवरच खरं उत्तर होतं! शेऱ्यात मी ठसक्यात लिहिलं, 'घोळीवर अंडी घालताना, नवीन खाद्य वनस्पती', आणि लिंक एका मित्राला पाठवली, बघ रे काय सापडलंय म्हणून. त्याने उघडून सहमत दाबलं. अजून एका अनोळखी माणसानेही दाबलं. दोन तृतीयांशापेक्षा जास्त लोक एकाच प्रजातीवर सहमत झाले की तिथे नोंद 'पक्की' होते, तशी माझीही संध्याकाळपर्यंत झाली. आम्ही तिघं सहमत होतो खरे, पण माझा मित्र माझ्यावर विश्वास ठेवून, तो अनोळखी माणूस बहुतेक आमच्या दोघांवर विश्वास ठेवून, आणि मी अ‍ॅपवर. फुलपाखराकडे नीट कुणी बघितलंच नव्हतं.

रात्री एका ताईंचा मेसेज आला. त्या बऱ्याच वर्षांपासून फुलपाखरं बघतात, फार बोलत नाहीत.

"छान निरीक्षण. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके दिसले का तुला?"

मी लिहिलं, "ताई, बिबळ्याच आहे, अगदी जवळून बघितलंय."

"जवळून बघितलं असशील रे. ठिपके दिसले का?"

मी फोटो झूम केला. मागच्या पंखाचा जो भाग दिसत होता त्यात ठिपके नव्हते. मी म्हटलं उजेडामुळे नसतील दिसत. मग त्यांनी एकच वाक्य लिहिलं, "छोट्या चांदव्याची मादी बघ एकदा", आणि झोपायला गेल्या. माझी मात्र झोप उडाली.

छोटा चांदवा म्हणजे डॅनेड एगफ्लाय. हे नाव ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर यायचं ते काळंभोर फुलपाखरू, प्रत्येक पुढच्या पंखावर एक मोठा आणि एक छोटा पांढरा ठिपका, मागच्यावर एक मोठा, आणि त्या पांढऱ्याच्या कडेने निळं-जांभळं झळकणारं. हा झाला नर. मादीचं रूप पूर्ण वेगळं, ती हुबेहूब बिबळ्यासारखी! चांदवा खाण्यालायक, बिबळ्या कडू, म्हणून मादीने कडूचा वेष घेतलाय, आणि एकदा बिबळ्या खाऊन तोंड पोळलेला पक्षी तिलाही सोडून देतो. खाण्यालायक जातीने कडू जातीची नक्कल करायची ही कल्पना हेन्री बेट्सने १८६२ साली अमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडली, त्याच्याच नावाने तिला बेट्सची नक्कल म्हणतात. हे सगळं मला पाठ होतं. वाचलं होतं, दुसऱ्यांना ऐकवलंही होतं. पण वाचलेलं डोक्यात एका कप्प्यात राहतं आणि समोर फुलपाखरू आलं की हात दुसऱ्याच कप्प्यात जातो, त्याला काय करणार.

फरक कुठे बघायचा ते जरा सविस्तर सांगतो कारण सगळं प्रकरण तिथेच अडलं होतं. पुढचा पंख सोडून द्या, तिथे दोघी जवळपास सारख्या. मागचा पंख बघा. बिबळ्याच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार, नराचा तो चौथा म्हणजे गंधाची पिशवी. चांदव्याच्या मादीला मध्ये काहीच नसतं, मागच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच ठळक काळा ठिपका असतो. आणि नेमका तोच ठिकाणा असा आहे की फुलपाखरू पंख पसरून बसलं की पुढचा पंख त्यावर येतो आणि ठिपका झाकला जातो. म्हणजे नुसतं 'ठिपका दिसत नाही' याला काही अर्थ नाही, मधला भाग स्वच्छ दिसतोय आणि तो रिकामा आहे, याला अर्थ आहे. दुसरं, पंखांची कड. बिबळ्याची कड बऱ्यापैकी सरळ, काळ्या किनारीत पांढरे टिपके. चांदव्याची कड थोडी नागमोडी आणि किनारीत बारीक पांढऱ्या चंद्रकोरी. हे मात्र फाटक्या पंखांच्या जुन्या फुलपाखरात बघायला जाऊ नका, तिथे कडच उरलेली नसते.

पायांवरून ठरवता येईल असं एकाने सुचवलं होतं, चार पायांवर उभं राहतं का सहा. उपयोग नाही. दोघंही निम्फॅलिडी कुळातले, दोघांचेही पुढचे दोन पाय आखडलेले, दोघंही चारच पायांवर.

आणि पंखाचं काळं टोक बघून ठरवणाऱ्यांसाठी अजून एक. बिबळ्याचं डोरिपस नावाचं एक रूप आहे, त्यात ते काळं टोक आणि पांढरा पट्टा नसतोच, सगळा पंख केशरी. तर चांदव्याच्या मादीतही इनारिया नावाचं एक रूप आहे, तेही तसंच टोक नसलेलं. बिबळ्याचं अल्सिपस रूप, मागचे पंख पांढरे. चांदव्याकडे त्यालाही जोडीदार आहे. नक्कल करणारीने मूळच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचीसुद्धा नक्कल करून ठेवलीय, आणि आपण मोबाईलवर बोटभर फोटो बघून तीन सेकंदांत सहमत दाबतो.

माझ्या तीन फोटोंवर परत येतो. हललेला फोटो बाद. बाजूने घेतलेल्यात मागच्या पंखाची खालची बाजू दिसत होती पण गवताचं पातं मधोमध आडवं आलेलं. तिसऱ्यात मागचा पंख अर्धा झाकलेला, जो दिसतोय तो रिकामा. म्हणजे चांदवा असण्याची शक्यता खूप, पण कुणी म्हटलं की सिद्ध कर, तर मी फोटोवरून छाती ठोकून सांगू शकलो नसतो. एवढ्यावर 'नवीन खाद्य वनस्पती' लिहून बसलो होतो मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्या जागी गेलो. फुलपाखरू नव्हतं पण अंडी तर कुठे जात नाहीत. अर्धा तास पानं उलटून उलटून दोन सापडली, दोन्ही पानाच्या मागच्या बाजूला, एकेकटी. भिंगातून बघितलं तर फिकट हिरवट, काचेसारखं, बुटकं, आणि वरपासून खालपर्यंत उभ्या बारीक कंगोऱ्यांचं. बिबळ्याचं अंडं मी रुईवर कितीदा बघितलंय, ते पांढरट, उंच आणि वर निमुळतं होत गेलेलं असतं. भिंग डोळ्याला लावून बसलो होतो आणि पोटात खड्डा पडला, कारण हे ते नव्हतं. देठाला लाल दोरा बांधून खूण केली, या वेळी फोटो भरपूर काढले, पानाचे, देठाचे, फुलाचे, शेजारच्या झाडांचे, आणि एक फोटो जागा ओळखू येईल असा लांबून.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली होती. एक अळी पानासकट घरी आणली, दुसरी तिथेच ठेवली. डब्याला तळाशी टिश्यू पेपर, वर जाळीचं कापड, रोज ताजी घोळ. घोळीचं बरं असतं, मांसल असल्यामुळे लवकर सुकत नाही, पण डब्यात दमट होऊन बुरशी फार लवकर धरते, म्हणून दिवसातून दोनदा विष्ठा काढून कागद बदलायचा. पहिले काही दिवस ती अळी म्हणजे नुसती एक काळपट रेघ. मग एकेक कात टाकल्यावर अंगावर काटे दिसायला लागले, आणि प्रत्येक काट्याला परत बारीक फाटे. डोकं विटकरी आणि त्यावर दोन लांब काटेरी शिंगं! पान खाताना ती शिंगं अशी पुढे-मागे हलायची की जणू कुणी छोटा बैल मान खाली घालून चरतोय.

बिबळ्याच्या अळीला काटे नसतात. ती गुळगुळीत, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, आणि अंगावर मऊ काळ्या शेपट्यांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या. ज्याने दोन्ही एकदा बघितल्या तो झोपेतही गल्लत करणार नाही. म्हणजे जी दोन फुलपाखरं मोठेपणी एकमेकींसारखी दिसून भल्याभल्यांना फसवतात, त्यांच्या अळ्या पूर्ण वेगळ्या! पतंगांमध्ये हा प्रकार अजून टोकाला जातो. युरोपात ग्रे डॅगर आणि डार्क डॅगर असे दोन पतंग आहेत, त्यांचे प्रौढ नुसत्या पंखांवरून वेगळे करताच येत नाहीत, जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात, म्हणून तिथले नोंदी करणारे सरळ 'दोघांपैकी एक' अशी जोडनोंद करतात. अळ्या मात्र लांबूनच वेगळ्या ओळखू येतात.

ताईंना अळीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर, "वाढव नीट. नर निघाला तर मजा येईल."

कोष तपकिरी, खडबडीत, पोटावर टोकं असलेला, डब्याच्या जाळीला उलटा लटकलेला. बिबळ्याचा कोष कसा गुळगुळीत, हिरवा किंवा गुलाबीसर, सोनेरी ठिपक्यांचा, दागिन्यासारखा असतो, त्याच्यापुढे हा म्हणजे वाळकं पान. आठव्या दिवशी सकाळी उठून बघतो तर कोष रिकामा आणि शेजारी जाळीला धरून पंख वाळवत बसलेलं फुलपाखरू, पंख मिटलेले. तासाभराने त्याने ते उघडले. काळे. वरून सहा पांढरे ठिपके, आणि मान जरा तिरकी करून बघितलं की त्या पांढऱ्याभोवती जांभळी झळाळी पेटायची, सरळ बघितलं की विझायची. मी पाचदा तरी मान हलवून बघितली. जे अंडं 'बिबळ्याने' घातलं असं मी जाहीर केलं होतं त्यातून हा निघाला! खिडकीत सोडला, गेला.

आता नोंदीची दुरुस्ती. मला वाटलं नाव बदललं की झालं. तसं नसतं. मी माझं मत बदलून छोटा चांदवा केलं, पण त्या दोघांची मतं बिबळ्यावरच होती, त्यामुळे बहुमत अजूनही चुकीच्याच बाजूला. मित्राला फोन केला, तो म्हणाला, "अरे मी कुठे बघितलं होतं, तू म्हणालास म्हणून दाबलं." त्याने लगेच मत बदललं. त्या अनोळखी माणसाला मेसेज केला, उत्तर नाही. ताईंनी आणि अजून एकांनी अळीचे, कोषाचे, नराचे फोटो बघून मत दिलं तेव्हा कुठे पारडं फिरलं. एक गोष्ट मी ताईंच्या सांगण्यावरून वेगळी केली. मादीची नोंद आणि अळीपासून नरापर्यंतची नोंद एकत्र न करता दोन स्वतंत्र नोंदी ठेवल्या, एकमेकींची लिंक देऊन. कारण मी ती मादी आणि हेच अंडं यांची गाठ डोळ्यांनी बघितली होती का? त्या झाडावर अंडी घालताना बघितलं होतं, पण नेमकं हेच अंडं तिचं, हे नाही सांगू शकत. तर्काने तीच. पण तर्क शेऱ्यात लिहायचा, नोंदीत नाही.

खाद्य वनस्पतीचंही तसंच. अंडं घालताना दिसणं आणि ती अळीची खाद्य वनस्पती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुलपाखरं कधीकधी चुकीच्या झाडावरही अंडी घालतात आणि अळ्या उपाशी मरतात. अळीने खाल्लं, वाढली, कोष केला, प्रौढ बाहेर आला, एवढं झालं की मग ती नोंद. माझ्या बाबतीत हे सगळं झालं, फक्त त्यात नवीन काहीच नव्हतं. घोळ ही छोट्या चांदव्याची नेहमीची, पुस्तकातली खाद्य वनस्पती आहे. माझा लेख तिथेच संपला.

आणि जुनी चूक पूर्ण पुसली गेली का, तर तसंही म्हणवत नाही. अशा पक्क्या झालेल्या नोंदी पुढे जीबिफसारख्या जागतिक साठ्यात जाऊ शकतात, तो साठा २००१ पासून चालू आहे आणि अभ्यासक तिथून डेटा उतरवून घेतात. साठ्यातली नोंद मागाहून सुधारते, पण मधल्या काळात कुणी प्रत उतरवून घेतली असेल तर त्या प्रतीत माझा बिबळ्या घोळीवरच बसलेला.

यानंतर मला जी खाज सुटली ती म्हणजे आपले जुने बिबळे तपासायचे. चार वर्षांत प्लेन टायगर म्हणून टाकलेल्या ४३ नोंदी होत्या. रविवारी सकाळी बसलो, एकच प्रश्न, मागच्या पंखाचा मधला भाग दिसतोय का आणि त्यात काय आहे. २९ मध्ये ठिपके स्वच्छ, बिबळ्या. ५ मध्ये मधला भाग रिकामा आणि वरच्या कडेचा एकुलता ठिपका, म्हणजे चांदव्याच्या माद्या, त्यातल्या एकीवर तर चार जणांनी सहमत दाबलेलं. उरले ९. पाठमोरे, लांबचे, पंख झाकलेले. त्यात दोन फोटो कुणीतरी मेसेजवरून फॉरवर्ड केलेले होते, त्यात फोटोची मूळ तारीख आणि जागा दोन्ही उडालेली, आणि मी ज्या दिवशी अपलोड केलं तीच तारीख पडलेली. ते दोन नाव कळूनही उपयोगाचे नव्हते, काढून टाकले.

राहिलेल्या सातांचं काय करायचं यावर माझं आणि ताईंचं थोडं वाजलं. अ‍ॅपमध्ये 'बिबळ्या किंवा चांदवा' असा पर्याय नाही. दोघांना सामावणारी पायरी म्हणजे निम्फॅलिडी हे अख्खं कुळ, आणि त्यात जगभरात सुमारे ६००० प्रजाती. मी म्हटलं, "ताई, मला दोनांपैकी एक आहे हे माहीत असताना सहा हजारांपैकी एक म्हणायचं म्हणजे माहिती फेकून देणंच झालं की." त्या म्हणाल्या, "मग शेऱ्यात लिही ना दोनांपैकी एक, पण नाव जेवढं सिद्ध होतं तेवढंच." मला अजूनही वाटतं की जोडनोंदीची सोय हवी, त्या डॅगर पतंगांसारखी. पण ती येईपर्यंत त्यांचंच बरोबर आहे, कारण शेरा माणूस वाचतो, मोजणी करणारं यंत्र फक्त नाव वाचतं.

आता केशरी काही दिसलं की मी आधी मागच्या पंखाचा फोटो घेतो, मग बाकी सगळं. आणि सहमत दाबण्याआधी स्वतःला विचारतो की मला यात नेमकं काय दिसलं. उत्तर 'बाकीच्यांनी दाबलंय' असं आलं तर न दाबताच पुढे जातो. माझ्या दाबण्याचा वेग चांगलाच पडलाय, मित्र चिडवतो.

त्या सातांमध्ये माझ्या प्रोफाइलचा फोटो पण आहे. फुलावर बसलेलं, पंख अर्धे मिटलेले, मागचा पंख पाकळीआड. कितीही झूम केलं तरी पाकळीच दिसते. प्रोफाइलवर तो अजून आहे, नोंदीतलं नाव फक्त निम्फॅलिडी केलंय.